अज्ञात झाडाची साल

करंजपाडा, ता. पेठ
रविवार, १३ जानेवारी १९८०

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

हे पत्र मी पोस्टात टाकलं नाही. इथल्या दवाखान्यातल्या सगुणाबाई नर्स उद्या सकाळच्या गाडीने नाशिकला बहिणीकडे चालल्या आहेत, त्यांच्या हाती देते आहे. घरी जाऊ नका, माझी आई गंगापूर रोडच्या मळ्यात शेवंती तोडायला असते, तिथेच गाठा आणि तिच्याच हातात द्या, असं त्यांना दोनदा बजावलं आहे. तू भिकनकडून वाचून घेऊ नकोस. विहारातल्या वर्गात तू आता कथामाला वाचतेस असं बाबा म्हणाले होते. मी अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. एखादं जोडाक्षर अडलं तर सोडून पुढे जा, पण स्वतः वाच. आणि वाचताना बाबा जवळ नसावेत.

मी बरी आहे असं लिहिणार होते, पण तसं लिहून काय उपयोग? माझ्यामुळे एक माणूस दोन महिने झाले कोठडीत आहे. त्याचं नाव लहानू. येत्या शुक्रवारी त्याची तारीख आहे आणि त्यानंतर बहुधा निकालच लागेल. शिक्षा झाली तर ती मी केल्यासारखी होईल. हे मी गेल्या दोन महिन्यांत तुला कळवलं नाही. डिसेंबरच्या पत्रात थंडी फार आहे, शाळा छान चालली आहे, असं लिहिलं होतं. थंडी खरंच फार आहे.

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला माझी चूक कळेल. तुला मुरुडशेंग आठवते ना? भिकन तान्हा असताना तू सहाणेवर गुटी उगाळायचीस. बाळहिरडा, वेखंड, जायफळ, आणि ती पिळवटलेली शेंग, सुंभाचा तुकडा कापून ठेवल्यासारखी. मी ती हातात घेऊन तिचे पीळ उलटे सोडवायला बघायचे आणि तू हातावर चापट मारायचीस. पोटातला मुरडा मोडते म्हणून मुरुडशेंग, एवढंच मला माहीत होतं. कॉलेजात तीच शेंग बाटलीत ठेवलेली होती, चिठ्ठीवर हेलिक्टेरीस आयसोरा असं नाव. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. पण ती कुठल्या झाडाला येते ते मी कधी पाहिलं नव्हतं. तूही पाहिलं नसशील. आपल्याला ती रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडे पुडीत मिळायची.

इथे आले त्या पहिल्या पावसाळ्यात मुलींना घेऊन रानात गेले होते. दोन पुरुष उंचीचं एक झुडूप होतं, पानं गाईच्या जिभेसारखी खरखरीत, आणि फुलं विटकरी लाल. आदल्या दिवशीची फुलं निळसर राखाडी पडलेली. मी नाव विचारलं तर सगळ्या मुली एकदम ओरडल्या, केवण, बाई, केवण. त्यातल्या कला नावाच्या मुलीने एक कोवळी फांदी मोडली, दाताने साल धरली आणि शेवटपर्यंत ओढून काढली. हातभर लांब पट्टी निघाली. तिने त्या ओल्या सालीला गाठ मारली, गाठीवर गाठ मारली, माझ्या हातातल्या वह्या बांधून दिल्या. साल तुटली नाही, चिरलीसुद्धा नाही. आणि मग वर बघते तर पानाआड हिरव्या शेंगा, पीळ दिलेल्या. आई, मला इतका आनंद झाला की मी त्या मुलींसमोर रडायला लागले. आपल्या घरातली शेंग, कॉलेजातलं लॅटिन नाव आणि या पोरींचं केवण, सगळं एकाच झुडपाचं निघालं. तेव्हा असं वाटलं की मी शिकले ते याच्यासाठीच शिकले.

कला ही लहानूचीच मुलगी, चौथीतली. तिच्यामुळे मी त्यांच्या घरी जाऊ लागले. लहानू, त्याची बायको चांगुणा, त्याची आई कुसाबाई. कुसाबाईचं माहेर गुजरातच्या अंगाला आहे, ती त्याच झुडपाला आटेडी म्हणते आणि केवण म्हणणाऱ्यांना हसते. पावसाळा सरला की ही माणसं केवणाच्या फोका कापतात. बुंधा ठेवतात, दुसऱ्या वर्षी त्याला सरळ नव्या फोका फुटतात आणि त्यांचीच साल चांगली निघते. जुन्या झाडाची साल ठिसूळ. सालीच्या मोळ्या ओढ्याच्या डोहात दगडाखाली दहाबारा दिवस कुजवायच्या. त्या डोहाच्या जवळून नाक धरूनच जावं लागतं. मग धोपटून धुतलं की पांढरा, रेशमासारखा वाक निघतो, आणि तो मांडीवर वळून दोर करायचा. मीही बसले वळायला. माझ्या मांडीची सालटं निघाली, दोर मात्र निघाला नाही. चांगुणा इतकी हसली की तिला उठून जावं लागलं. म्हणाली, बाईंची मांडी खुर्चीवरची, तिला पीळ कसा कळंल. इथलं सगळं त्या दोरावर चालतं. छपराचं गवत बांधायचं, मोळी, झोळी, विहिरीचा दोर. आमच्या फॉरेस्ट गार्डची गायसुद्धा त्याच दोराला बांधलेली असते.

मी एका वहीत रानातल्या बेचाळीस झाडांची नावं लिहिली. केवणाला पुरी चार पानं दिली. कुठलं नाव कुणी सांगितलं, साल कोण काढतो, डोंगरातल्या कुठल्या नाळेत, म्हणजे घळीत, काढतो, किती दिवस भिजवतो, सगळं. प्रत्येक ठिकाणी माणसाचं नाव घातलं. मला वाटत होतं, पुस्तकात लॅटिन नावापुढे नेहमी कुणातरी गोऱ्या साहेबाचं नाव असतं, मग केवणापुढे लहानूचं का नको? ती पानं सुवाच्य उतरवून काढली आणि अर्जासोबत फॉरेस्टच्या ऑफिसात पाठवली. अर्ज असा की या मुलांना शाळेतच दोर वळायचं शिकवावं, आणि साल काढायचा रीतसर परवाना मिळावा. कुणाला विचारलं नाही. मी अर्ज लिहू शकते, मग विचारायचं कशाला? लहानूला नुसतं सांगितलं की तुमचं नाव मी सरकारात पाठवलं आहे. तो म्हणाला, सरकारात माझं काय काम, बाई. मला वाटलं संकोचाने बोलतो आहे.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला नवे रेंजरसाहेब जीपमधून आले. सोबत गार्ड, एक कारकून आणि पोलीस पाटील. त्यांनी शाळेत निरोप पाठवला की अर्ज करणाऱ्या बाईंना ओढ्यावर पाठवा. मला वाटलं पाहणीला आले. खरं सांगते आई, मी मुलींना हातपाय धुऊन यायला सांगितलं, स्वतः धुतलेलं पातळ नेसले. ओढ्यावर लहानू गुडघाभर पाण्यात उभा होता आणि डोहातून त्यांनी त्याला सालीच्या अकरा मोळ्या बाहेर काढायला लावल्या होत्या. कारकून दगडावर बसून पंचनामा लिहीत होता. तो मोठ्याने म्हणत म्हणत लिहायचा. ओढ्यात भिजत घातलेल्या अज्ञात झाडाच्या सालीच्या अकरा मोळ्या, असं त्याने लिहिलं. आणि मी मध्ये बोलले. मी म्हटलं, अज्ञात कसं? हे झाड अज्ञात नाही. साहेबांनी विचारलं, तुम्हाला ओळखता येईल? मी एका मोळीतली साल हातात घेतली, पीळ देऊन पाहिली, काठावरच्या फोकेची पानं दाखवली, आणि नाव सांगितलं. केवण, तिलाच मुरुडशेंग म्हणतात, तिलाच आटेडी, आणि शास्त्रीय नाव असं असं. कारकुनाला ते लिहिता येईना तेव्हा मी त्याच्याकडून पेन घेतलं. अज्ञात हा शब्द खोडला आणि माझ्या अक्षरात वर सगळी नावं लिहिली. खाली पंच म्हणून सही केली, विमल पुंजाराम, बी. एस्सी. लहानूला काय कळलं कोण जाणे, तो पाण्यात उभा राहून हसत होता. म्हणाला, पयलं केवण लिवा बाई, बाकीची मागून. साहेब मला म्हणाले, बरं झालं तुम्ही होतात. मी घरी येईपर्यंत त्या शब्दांनी सुखावले होते.

संध्याकाळी कला रडत आली. बापाला जीपमध्ये घालून नेलं होतं.

मी धावत गेले तर चांगुणा आत निघून गेली. अंगणात कुसाबाई होती. ती मला रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी म्हटलं, माझी चूक झाली, मला वाटलं परवाना देतील. ती वाक विंचरत बसली होती, हात न थांबवता म्हणाली, “तू लिवलंस म्हणून त्याला नेलं. आमी काय लिवलं नाय, म्हणून आमी इतके दिस जगलो.” मी पहिली शिकलेली, आई. तू आणि बाबा मला कंदिलाजवळ बसवून स्वतः अंधारात बसायचात.

जामीन मंजूर झाला आहे, पण जामीन राहायला स्वतःच्या नावावर जमीन असलेला माणूस लागतो आणि पाड्यावर कुणाच्याच नावावर काही नाही. म्हणून तो आतच आहे. आरोप असा की राखीव रानातली साल विकण्यासाठी तोडली. घरच्या वापरापुरती काढली असती तर इतकं झालं नसतं, असं त्याचे वकील सांगतात. हे वकील नाशिकचे आहेत, तरुण आहेत, अशा खटल्यांसाठी आपणहून येतात. त्यांनी पंचनामा पाहून मला विचारलं, हे नाव कुणी घातलं? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, बाई, अज्ञात झाडाची साल म्हणून कुणाला शिक्षा देता येत नाही हो. रानातली की बांधावरची, तेच ठरलं नसतं. तुम्ही नाव घातलंत, तेही चार प्रकारे, आणि एकही चुकलं नाही.

डिसेंबरच्या चौदा तारखेला माझी साक्ष झाली. हेही मी तुला कळवलं नाही. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे धरला आणि ते नाव वाचून दाखवा म्हणाले, कारण तिथे कुणालाच वाचता येईना. मी वाचलं. माझा आवाज शाळेत धडा सांगताना असतो तसा खणखणीत निघाला. ही साल त्याच झुडपाची का? होय. हे अक्षर तुमचं का? होय. आरोपी हे काम करतो हे तुम्ही स्वतः लिहून कळवलं का? होय. लहानूच्या वकिलांनी विचारलं, ही साल कशासाठी काढली होती, तुम्हाला काही माहीत आहे का? मी म्हटलं, नाही.

ते नाही खोटं होतं, आई.

बाहेर व्हरांड्यात पोलीस लहानूला घेऊन बसला होता. मी खाली मान घालून जात होते, तर त्यानेच हाक मारली. म्हणाला, “बाई, तुमचं ते विंग्रजी नाव लय भारी निघालं. साहेबाची जीभच वळंना.” आणि हसला. ते टोमणा मारायचं हसणं नव्हतं. मला धीर द्यायचा होता त्याला. तो किती वाळला आहे. मनगटं कलासारखी झाली आहेत.

आता ते लिहिते जे मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं. त्या अकरा मोळ्या विकायच्या नव्हत्या. त्या माझ्या होत्या. आमच्या वसतिगृहात तीस मुली जमिनीवर झोपतात. ऑगस्टमध्ये एकीला विंचू चावला, रात्रभर तडफडली, वाचली. मी हेडमास्तरांकडे बाजा मागितल्या. ते म्हणाले, वरून येतील तेव्हा येतील. मग मी लहानूला विचारलं की चौदा बाजा विणून देशील का. बाजांचे तेवढे लाकडी सांगाडे शाळेत पडूनच होते. हेडमास्तर म्हणाले, करा, पण कागदावर काही नको. लहानूने मला सांगितलं होतं, बाई, चौदा बाजांना लय साल लागंल, एवढी आमी कधी काढत नाय. मी म्हटलं, मुलींसाठी आहे, काढा. तो आणि चांगुणा आठ दिवस रानात होते. दरवर्षी दोन-तीन मोळ्या काढणारा माणूस, त्याच्या डोहात अकरा सापडल्या, म्हणूनच तर साहेबांना वाटलं की विकायच्या आहेत. आणि मी तिथे उभी राहून झाडाचं नाव सांगत होते. कुणासाठी आहेत हे सांगायचं मला तेव्हा सुचलं नाही, कारण त्याने काही बिघडेल असं वाटलंच नाही. सुचलं तेव्हा उशीर झाला होता आणि हेडमास्तरांनी बोलावून घेतलं होतं. म्हणाले, तुमची नेमणूक अजून तात्पुरती आहे, वसतिगृहाचं नाव कोर्टात आलं तर पुढची ऑर्डर निघणार नाही, आणि साल तुम्ही काढायला लावली म्हटल्यावर तुमच्यावरही खटला होईल.

तरी मी बोलणार होते. हेडमास्तरांसाठी मी गप्प बसले असं मनात आणू नकोस. त्या साक्षीच्या दोन दिवस आधी बाबा आले होते. तुला ते म्हणाले असतील, पोरीला बघून येतो. तुझे शेंगदाण्याचे लाडू आणले होते. समन्स आल्यावर घाबरून मी त्यांना कामावरच्या, नगरपालिकेच्या टाकीच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं, घरी नको म्हणून. त्यांनाच मी मोळ्यांचं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, जा आणि खरं ते सांग. आपल्या घरातल्या कुणाच्या शब्दाला आजवर कोर्टात किंमत नव्हती, तुझ्या शब्दाला आहे. शाळेत असताना खोट्या गैरहजेरीसाठी त्यांनी मला मास्तरांच्या दारात उभं केलं होतं, तेच बाबा.

त्यांनी माझ्यासमोर हात जोडले, आई. माझ्या खोलीत, बाजेवर बसून. लहानूने विणलेल्याच बाजेवर, नमुन्याची म्हणून पहिली माझ्यासाठी केली होती त्याने. बाबा म्हणाले, “विमल, खरं बोलून एक घर गेलं माझं. दुसरं घालवू नकोस.” मग त्यांनी नांदगावकडची ती गोष्ट सांगितली. मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती, सबंध कधी कुणी सांगितली नव्हती. काळूकाकाला खळ्यावर मारताना त्यांनी पाहिलं, फौजदारापुढे मारणाऱ्यांची नावं घेतली, आणि त्यानंतर गावात काम मिळेना, दळण मिळेना, विहिरीवर हंडा लावू देईनात. मी तुझ्या पोटात होते आणि तू सातवा महिना घेऊन पायी स्टेशन गाठलंस. मारणारे सुटलेच. बाबा म्हणाले, काळूकाका तरी वाचला का त्या साक्षीने? भिकनची मॅट्रिक होऊ दे. तुझी ऑर्डर कायम होऊ दे. मग काय बोलायचं ते बोल. मी त्यांचे हात धरून खाली करायला गेले तर ते पुन्हा जोडले त्यांनी. आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मुकादमापुढेसुद्धा नाहीत.

म्हणून मी नाही म्हटलं.

तेव्हापासून झोप नाही. वर्गात फळ्यावर लिहायला हात उचलत नाही. वसतिगृहातल्या अकरा मुली घरी नेल्या त्यांच्या आईबापांनी, बाईंनी आपलंही नाव लिहिलं असेल म्हणून. कला शाळेत येत नाही, ओढ्यावर बसून असते. मी गेले तर उठून दुसरीकडे जाते. गेल्या मंगळवारी चांगुणा मला भेटली, आपणहून. कोठडीत त्याला बघून आली होती. तिने मला बसा म्हटलं नाही, उभ्यानेच सांगितलं. लहानूला पोलिसांनीही विचारलं होतं की एवढी साल कुणासाठी. त्याने सांगितलं नाही. वकिलांनाही नाही. चांगुणेला त्याने बजावलं आहे की बाईंचं नाव घ्यायचं नाही. ती म्हणाली, “तो म्हंतो, बाई गेल्या तर पोरींना कोण शिकवंल? मी म्हंते, पोरी शिकून असंच करनार आसतील तर कशाला शिकवायच्या?” एवढं बोलून ती चालू लागली. दोघे मला वाचवत होते, आई, आणि मला ते माहीतसुद्धा नव्हतं. मी ऐटीत समजत होते की त्याला वाचवायचं की नाही ते माझ्या हातात आहे.

त्याच दिवशी तिठ्यावर जाऊन मी वकिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा साक्षीला बोलावण्यासाठी अर्ज करतो. तो मंजूर झाला आहे. शुक्रवारी, अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजता मला उभं राहायचं आहे. मी सांगणार आहे की साल मी काढायला लावली, सरकारी आश्रमशाळेच्या मुलींसाठी, एक दोरही विकायचा नव्हता. आणि मागच्या वेळी मी खोटं बोलले. वकिलांनी काही लपवलं नाही. लहानू बहुतेक सुटेल म्हणाले, बहुतेक. माझी नोकरी राहणार नाही, आणि खोट्या साक्षीबद्दल मलाही कोर्ट विचारू शकेल. भिकनच्या क्लासचं काय, पावसाळ्यात घराच्या पत्र्यांचं काय, याचं माझ्याकडे उत्तर नाही. मी उत्तर शोधून मग लिहीन म्हणून चार दिवस थांबले, पण नाही सापडलं.

एक विचारायचं होतं. तू कधीच बोलली नाहीस. बाबांनी ती साक्ष दिली, आणि तू सात महिन्यांची पायी निघालीस, तेव्हा वाटेत तू त्यांना काही म्हणालीस का? त्यांचा राग आला होता का तुला? बाबा मला फक्त काय काय गेलं ते सांगून गेले. तू त्यांच्या बरोबर चालत होतीस, तुला काय वाटत होतं ते कुणी सांगितलं नाही. हे मी उत्तरासाठी विचारत नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर येणारही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हेडमास्तरांना या फेरसाक्षीच्या अर्जाचं कळलं आहे आणि त्यांनी परवाच्या शुक्रवारीच बाबांना पत्र टाकलं आहे, मला तोंडावर सांगून. ते मंगळवारी, फार तर बुधवारी मिळेल. बाबा गुरुवारच्या गाडीने निघतील हे मला पक्कं माहीत आहे. आई, त्यांना त्या गाडीत बसू देऊ नकोस. रेंजरसाहेब, हेडमास्तर, सरकारी वकील, सगळ्यांसमोर मी उभी राहीन. पण बाबा समोर बसले आणि त्यांनी पुन्हा हात जोडले, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. मी स्वतःला ओळखते. आजारी पड, भिकनला आजारी पाड, त्यांच्याशी भांड, काय करायचं ते कर, पण शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांना नाशकात ठेव. त्यांना नंतर सगळं मी सांगेन आणि ते जे बोलतील ते ऐकून घेईन. आणि नाहीच ऐकलं त्यांनी, निघालेच, तर त्यांच्याबरोबर तूही ये. कोर्टात डाव्या हाताला भिंतीशी एक बाक आहे. तिथे गुडघ्यावर हनुवटी ठेवून एक काळीसावळी बाई बसलेली असेल, शेजारी म्हातारी. ती चांगुणा. तू बाबांच्या जवळ बसू नकोस, तिच्या शेजारी जाऊन बस. म्हणजे मला मान वर करून कुठे बघायचं ते कळेल.

तुझीच,
विमल